पाव मिलिमीटर कुठे?

दुपारी अडीच वाजता मुंगीने सीलबंद फाइल उघडली. सतरापैकी एकही जोडी जुळली नाही.

दोन प्रोटॉन एकमेकांना चाटून जातात तेव्हा कधीमधी म्युऑन कणांची जोडी जन्मते आणि प्रोटॉन थोडी ऊर्जा गमावून पुढे निघून जातो. किती गमावली, ते म्युऑन सांगतात. तेच दोनशे मीटर पुढे, बोगद्यात प्रोटॉनच्या झोताला जवळजवळ खेटून बसवलेला, प्रोटॉन टिपणारा शोधकही सांगतो. दोघांची साक्ष जुळली तरच जोडी खरी. आधी सगळे हिशेब पक्के करायचे, मगच फाइल उघडायची, ही गटाची शिस्त. चिकाटीमुळे मुंगी हे नाव पडलेल्या त्या मुलीने तीन वर्षं कळ काढली होती. तिची पीएचडी या सतरा जोड्यांवर उभी होती.

चार वाजता तिच्या जिवात जीव आला. शोधक पाव मिलिमीटर सरकलाय, अशी मापं घेणाऱ्या मामांची नोंद होती. कुठे सरकला, ते लिहिलंच नव्हतं. तिने झोताकडे धरलं होतं. भिंतीकडे धरताच चौदा जोड्या जुळल्या.

नोंद घेऊन ती गटप्रमुख बाईंकडे धावली.

"चौदा, बाई!"

"छान. पहिल्यांदाच जुळल्या असत्या, तर ती नोंद पुन्हा वाचली असतीस?"

मुंगीने मामांना फोन लावला.

"अगं, काल काय जेवलो ते आठवत नाही, आणि तू वर्षापूर्वीचा पाव मिलिमीटर विचारतेस! भिंतीकडेच असेल. तुला कुठे हवाय?"

'भिंतीकडे' हा एक शब्द पुरला असता.

"मला हवाय तिथे नको, मामा. आहे तिथे सांगा."

"मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. तू उपाशीच राहणार बघ."

प्रोटॉन फिरवणारं यंत्र चालू असताना बोगदा उघडत नाही. बुधवारी यंत्र थांबलं. गुरुवारी सकाळी साडेनऊला मामा खाली उतरले, साडेअकराला वर आले. शोधक भिंतीकडेच सरकलाय. पण पाव नव्हे, अर्धा मिलिमीटर. तेव्हाच एवढा होता की वर्षभरात आणखी सरकला, हे मामांना सांगता येत नाही.

कोणतं माप धरायचं ते आधी पक्कं व्हायचंय; अर्धा धरला तर किती जोड्या जुळतात, ते मुंगीने गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाहिलेलं नाही.