मागची रांग

राजनंदिनीचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यात ईटला टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. लेकीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले असताना द्वारकाबाईनं कारखान्यातली नळी पॅनेलवरून काढली आणि डब्यात सोडली. समोरच्या रांगेवरची गोणपाटं तिनं चिंब भिजवली होती. ती ऑफिसातून दिसत. मागच्या रांगेवरची कोरडीच होती.

बलभीम तिथंच माल चढवायला होता. डबे मोटारसायकलीला बांधता बांधता त्यानं बायकोला विचारलं,

"साहेबाला इचारलंस का?"

"व्हय."

"तोंडानं का मनात?"

"बांधा की गुमान. पाचशे पान उठायचंय. पाव्हन्यांला काय फेस पाजू?"

तो हसला. सिमेंटच्या गाऱ्यात फेस मिसळून इथं भिंतींचे पॅनेल ओतत. हलके असत, चौघं मिळून एक उचलत. त्यांना पाणी मारायचं काम द्वारकाबाईकडं होतं. पहिल्याच दिवशी शिवकुमार साहेबांनी तिला बजावलं होतं, "मावशी, अठ्ठावीस दिवस ओलं ठेवा. नाहीतर वरनं दिसंल चांगलं, आतनं राहील कच्चं."

रोज सहा डबे घरी गेले. लग्न पार पडलं. पाणी कमी पडलं, असं कुणी म्हणालं नाही.

पुढं मागच्या रांगेतले पॅनेल ट्रकवर चढवताना एक मधोमध मोडला. बलभीम खाली होता.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शिवकुमार कागद घेऊन घरी आले. प्रत्येक वेळी ओतताना त्याच मालाचे लहान ठोकळे काढून हौदात बुडवून ठेवत. ते यंत्रात दाबून बघितले होते.

"ठोकळ्यांनी पूर्ण भार सोसला, मावशी. मालात दोष नाही. धरण्यात चूक झाली, असं लिहावं लागतंय."

दीर गोरोबा उसळला. "बावीस वर्सं वझी उचलली माझ्या भावानं! त्यो चुकंल व्हय? वहिनी, तुमी तिथंच हुता. सांगा ह्यांला."

द्वारकाबाईनं पदर तोंडाशी धरला. कोपऱ्यात डबे एकात एक घालून ठेवले होते. दाराशी राजनंदिनी बसली होती. तिच्या हातातला हिरवा चुडा अजून नवाच होता.

"त्येंचाच हात सुटला," द्वारकाबाई म्हणाली.

गोरोबा उठून बाहेर गेला. शिवकुमारांनी लिहून घेतलं. राजनंदिनीनं त्यांना तांब्या दिला. ते दोन घोट प्याले आणि उरलेलं अंगणात ओतून निघाले. पाणी मातीत जिरेपर्यंत द्वारकाबाई तिकडं बघत होती.

बलभीम २० मे २०२४ला, सोमवारी सकाळी गेला. पोरीच्या लग्नाला त्या दिवशी महिना झाला होता.