तिसरी फेरी

बंद दाराला तीन फेऱ्या, हा पाहणीचा नियम. एक सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिसऱ्यांदाही दार उघडलं नाही, तरच फॉर्मवर ‘घरी नाहीत’ लिहायचं. दारोदार फिरून रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या सिस्टरबाईंनी वीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला, आणि तो असा अंगाशी आला की विचारू नका.

पाहणी देशभराची होती. एचआयव्हीच्या औषधांवर इतकी वर्षं पैसा ओतला, त्याचा गुण आला का, किती जणांच्या रक्तातला विषाणू दबलाय, ते मोजायचं. निधी बाहेरून येत होता. एका सोमवारी साहेबांनी सांगितलं, निधी थांबला. “आवरा पटापट. गुरुवारी पाहणीच्या गाड्या परत जाणार.”

कारखान्यामागच्या वस्तीत बाईंची चौदा दारं उरली होती. दोन-दोन फेऱ्या झालेल्या. कुलूप कसलं, कडी आतून! थाप मारली की आतला रेडिओ चटकन बंद व्हायचा. अशी कडी कोण लावून घेतं, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. गोळ्या सोडून दिलेली माणसं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, बाळ्या, पाच वर्षांपूर्वी असाच बसला होता. “दार तोडीन हां!” म्हणून बाईंनी त्याला बाहेर काढलं, औषध केंद्रात अक्षरशः ओढत नेलं, तेव्हा कुठे तो माणसात आला.

आणि तरीही बुधवारी बाईंनी तिसरी फेरी न करताच, गाडीत बसल्या बसल्या चौदा फॉर्म भरले. पहिल्या दोन फेऱ्या निळ्या पेनानं लिहिल्या होत्या, म्हणून तिसरी काळ्यानं लिहिली. खरं वाटावं ना! शेजारच्या सिस्टरही तेच करत होत्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

निकाल आठ महिन्यांनी लागला. विषाणू दबलेले शंभरात पंच्याण्णव, हे उद्दिष्ट होतं; आकडा आला शहाण्णव. येणारच! दार उघडणारी, गोळ्या घेणारी माणसंच तेवढी मोजली होती. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत पत्र आलं, की या भागात आजार आटोक्यात आलाय, सबब औषध केंद्र बंद. जवळचं दुसरं केंद्र बसनं सहा तासांवर.

बाई तरातरा साहेबांच्या खोलीत गेल्या. “साहेब, आकडा खोटा आहे. माझी तिसरी फेरी झालीच नाही. ती चौदा दारं मला परत करू द्या.”

साहेबांनी दार लोटून घेतलं. “बाई, सगळ्यांनी तेच केलंय. मला काय कळत नाही? पण परत मोजायला निधी कुठाय? वरचे म्हणतात, आजार आटोक्यात आला, आता मोजायचं कशाला?”

“आणि पेशंट?”

साहेबांनी समोरची फाइल उघडली आणि ते वाचायला लागले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण शिव्या घालायच्या कुणाला? साहेबांना, वरच्यांना, की त्या काळ्या पेनाला?

पुढे महिन्याभरानं एका संध्याकाळी बाई बाळ्याकडे गेल्या. तो पॅकिंगच्या कामावर होता. तिथे त्याचा आजार कुणाला माहीत नव्हता, आणि त्या लांबच्या केंद्रासाठी दर महिन्याला रजा मागितली असती तर दहा प्रश्न आले असते. बाईंनी त्याला सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. एक शब्द तरी वाकडा बोलायचा, मेल्यानं!

फळीवर गोळ्यांची बाटली होती. तीस दिवसांची, एव्हाना संपायला हवी होती. बाईंनी उचलली तर अर्धी भरलेली.

“ही उरली कशी रे?”

“दिवसाआड घेतोय. पुरवून पुरवून.”

असं केलं की विषाणू पुन्हा उठतो, आणि मग त्याच गोळीला दाद देत नाही, हे बाईंनीच शेकडो पेशंटना बजावलं होतं. त्यांनी पेल्यात पाणी ओतलं, एक गोळी काढून त्याच्यासमोर धरली. “घे. आत्ताच्या आत्ता. माझी शपथ आहे तुला.”

“आणि या संपल्यावर गं, ताई?”

बाईंनी गोळी तशीच पुढे धरून ठेवली.

बाळ्यानं ती गोळी अलगद त्यांच्या बोटांतून काढून घेतली, बाटलीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. “आज नाही,” तो म्हणाला. “ही उद्याची आहे.”