लिंबांवरून ढकललेला बैल

इतकी वर्षं गप्प बसलो, आता राहवत नाही. मी हुराकान. लँबोर्गिनीच्या घराण्यातला, एका झुंजार बैलाचं नाव लावणारा, दहा सिलिंडरचा, हळदीसारखा पिवळा. मुक्काम कॅनडातलं विंडसर, निवृत्त डॉक्टर जनार्दन यांचं गॅरेज. नदीपलीकडे डेट्रॉइट. मोटारींचं गाव ते. आणि अलीकडच्या काठावर मी धूळही न लागता सडतोय.

माझा जन्म इटलीतला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा कारखान्यातली माणसं कामं थांबवून हसली. मला वाटलं, आता रस्ता! पण आधी जहाज मिळालं, मग ट्रक. शोरूमपासून या दारापर्यंतसुद्धा ट्रकच. उतरवताना डॉक्टर ओरडले, "सावकाश! टायर घासू नका!"

मी हबकलो. टायर मग असतात कशाला?

रंग निवडला तो शोभाताईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं. डॉक्टरांना राखाडी हवा होता. त्या म्हणाल्या, "बैल घेताय ना? मग दिसू दे की." त्या दिवशी त्यांनी माझ्या छतावर हात ठेवला आणि एवढंच मागितलं, "अहो, एकदा नदीकाठच्या रिव्हरसाइड रस्त्यानं जाऊन येऊ. बेल रिव्हर गावापर्यंत."

"जाऊ की. जरा रस्ते सुकू देत."

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. वसंतात खड्डे. जूनमध्ये नदीवरून माश्यांचे थवे येतात, ते काचेला चिकटतील. पानगळीत ओली पानं, गाडी घसरेल. कॅनडात पाचवा ऋतू नाही, नाहीतर डॉक्टरांनी त्यातही खोट काढली असती. वर्षातून एकदा मेकॅनिक येऊन माझं इंजिन जागं करून जायचा, तेही जागच्या जागी. सीटवरचं प्लास्टिक तसंच. डिकीत डांबरगोळ्या. मला त्यांनी लग्नातल्या शालूसारखं ठेवलं होतं.

पाहुणे आले की मात्र गॅरेजचे दिवे लागायचे. हातात चिवड्याच्या बश्या घेऊन सगळे माझ्याभोवती उभे, आणि डॉक्टर माझ्या खानदानाचं कीर्तन लावायचे. "साठच्या दशकातली मिउरा! इंजिन सीटच्या मागे, तेही आडवं. जग वेडं झालं. मग काउंताश. तिकडच्या बोलीत माणूस थक्क झाला की तोंडातून निघतो तो शब्द. दारं वर उघडायची. मागचं काही दिसायचं नाही, म्हणून रिव्हर्स घेताना लोक दार उचलून चक्क उंबऱ्यावर बसायचे! नव्वदमध्ये डियाब्लो. पुढे मुर्सिएलागो, गायार्दो…"

तिथून गाडी हमखास स्वतःवर घसरायची. "आम्ही या देशात आलो तेव्हा साधी कोथिंबीर मिळत नव्हती." पूर्वजांचा पराक्रम माझा असो की त्यांचा, सांगायचा उभ्यानं आणि जागचं हलायचं नाही. या पिढीचा हा खाक्याच आहे.

सगळ्यात मोठा धक्का दसऱ्याचा. झेंडूची माळ, हळदकुंकू, चार चाकांखाली चार लिंबं. वाटलं, आज तरी. डॉक्टरांनी मला न्यूट्रलला टाकलं आणि मित्राला हाक मारली, "भाऊसाहेब, या, लावा जोर!"

"अहो डॉक्टर, इतक्या घोड्यांची गाडी आणि ढकलायची?"

"इंजिनाची झीज कशाला उगाच?"

दोन म्हाताऱ्यांनी मला मागून ढकललं. लिंबं फुटली. टाळ्या वाजल्या. मग मला पुढून ढकलून परत आत घातलं. दरवर्षी हेच! मला पाय असते तर लाथ घातली असती.

आणि मी येण्याच्या कितीतरी आधीपासून या घरात गाडी कोण चालवायचं? शोभाताई. हॉस्पिटलच्या लॅबमधली रात्रपाळी संपवून, बर्फ शोव्हल करून, मुलांना मागे बसवून त्या थेट टोराँटोपर्यंत जायच्या. डॉक्टर शेजारी घोरायचे. शोभाताई दर मोसमात एकदा विचारायच्या, "आता जाऊ या का?" मग त्यांचे गुडघे दुखू लागले. मग एकाचं ऑपरेशन झालं. मग घरात वॉकर आला. माझी सीट जमिनीपासून वीतभर. मी हे सगळं बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

यंदाच्या दसऱ्याला नात ईरा टोराँटोहून आली होती. माळ घातली, लिंबं ठेवली. भाऊसाहेब बाह्या सरसावत होते, तेवढ्यात शोभाताई म्हणाल्या, "ढकलू नका. आज मी बसणार."

"अगं, पानं ओली आहेत…"

"बसणार म्हटलं ना."

ईरानं दार उघडलं, प्लास्टिक टराटरा फाडलं. शोभाताईंनी वॉकर सोडला, पाठ माझ्याकडे केली, छताची कड धरली आणि खाली जाऊ लागल्या. अर्ध्यावर गुडघा अडला. त्या किंचाळल्या. ईरानं काखेत हात घालून उचललं. त्यांनी दम खाल्ला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी ईरानं अंगणातली खुर्ची आणली, त्यांना ड्राइव्हवेवर बसवलं.

शोभाताईंनी पदरानं तोंड पुसलं. "माझं राहिलं. तुम्ही तरी चालवा. मी इथून बघते."

डॉक्टर आत बसले. लाल झाकण उचललं, बटण दाबलं. मी गर्जलो. शेजारचं कुत्रं पळालं. ईरा नाचायलाच लागली, "आजोबा, जस्ट गो!"

आणि तेव्हा मला कळलं. माणूस तोंडानं काहीही सांगेल, स्टिअरिंगला त्याचे हात कळतात. त्या हातांना घाम फुटला होता. ब्रेकवरचा पाय सुटत नव्हता. मीठ, खड्डे, माश्या, पानं, सगळी थापेबाजी. हा माणूस मला जपत नव्हता. हा मला घाबरत होता. पहिल्या दिवसापासून.

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. उतरले. खाली बघत म्हणाले, "शोभा, मला नाही जमत. भीती वाटते."

शोभाताई अगदी हळू म्हणाल्या, "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना. मीच चालवली असती. गुडघे होते तोवर."

भाऊसाहेबांनी खाली वाकून लिंबं उचलली. न फुटलेली.

अजून मी इथेच आहे. थोरामोठ्यांना हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर: भीती वाटत असेल तर भीती म्हणा. तिला जपणूक म्हणू नका. तुमच्या भीतीपायी दुसऱ्याचे गुडघे जातात.

काल दुपारी शोभाताई वॉकर सोडून काठी टेकत एकट्याच आल्या. माझं दार उघडलं. काठीचं रबरी टोक आत घालून स्टिअरिंगवरच्या बैलावर दाबलं. हॉर्न वाजला, चांगला लांबलचक.

डॉक्टर धावत आले. "काय झालं?"

"काही नाही," शोभाताई म्हणाल्या, आणि पुन्हा दाबला.