हाताला धर

मंचरला बाळासाहेबांच्या घरात भिंतीपुढे भिंत होती. विटांच्या मूळ भिंतीला ओल यायची, म्हणून २००६ साली त्यांनी तिच्यापुढे चार बोटं जागा सोडून, पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर जिप्समचे तक्ते मारून घेतले आणि वर गुलाबी रंग दिला. संपत सुताराने बोटाने टकटक केलं तेव्हाच त्याला कळलं. दर दोन फुटांवर पट्टी, मधे सगळी पोकळी.

काम लहान होतं. बाळासाहेबांची आई सोनीबाई खुब्याचं हाड मोडल्यावर भीमाशंकरकडच्या गावातून इथे आली होती. हाड जुळलं, पण खाटेवरून उठायला हाताला धर लागायचा. खाटेजवळ त्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवायचा.

"माझ्या सासूला आढ्याला दोर बांधून दिला व्हता," म्हातारी म्हणाली. "मरस्तवर ती आपली आपण उठली. परसाकडंला जायला कुणाला हाक मारली न्हाई."

"आये, परवा आपल्या पोरीचा, श्रेयाचा साखरपुडा हाय," बाळासाहेब म्हणाले. "पावण्यांना काय वरनं लोंबणारा दोर दाखवू?"

संपत म्हणाला, "बाळासाहेब, दांड्याचं एक टोक पट्टीवर येतंय, दुसरं पोकळीत. तक्ता कापून आत जाड प्लाय घालू द्या. मग माणूस लटकला तरी हलायचं न्हाई."

"आन रंग?"

"पुट्टी वाळायला, रंगाला, चार दिवस धरा."

"आज शुक्रवार हाय, राव! तू आपला दांडा बसव. म्हातारीचं वजन ते किती? निस्तं चिपाड झालंय."

"उठताना माणूस समदं वजन टाकतंय," संपत म्हणाला. पण ड्रिल मशीन त्याने हातात घेतलं होतं.

त्याचे उस्ताद भिमाजी यांचा एक नेम होता. फळी असो, पाळण्याची कडी असो, बसवली की पाय उचलून तिला लोंबकळायचं, मगच हत्यारं गोळा करायची. वीस वर्षं संपत तेच करत आला. गिऱ्हाइकं म्हणायची, सुतार हाय का वांदर?

पट्टीतला स्क्रू कचकचून बसला. पोकळीतल्या स्क्रूला धरायला त्याने भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकली. शेवटच्या दोन फेऱ्यांना स्क्रू मोकळाच फिरला. त्यावर त्याने चकचकीत टोपण बसवलं.

"बसला का रं, लेका?" सोनीबाईने विचारलं. "तू वढून बघ की."

संपतने एका हाताने दांडा धरला, अलगद ओढला. पाय जमिनीवरच ठेवले. लोंबकळलो तर तक्ता हातात येईल, हे त्याला ठाऊक होतं.

"बसला, आजी."

"तू धरलास न्हवं, मंग झालं."

दारात त्याने बाळासाहेबांना सांगितलं, "निस्तं टेकायला धरू द्या. साखरपुडा झाला की येऊन तक्ता कापतो, प्लाय घालतो." त्यांनी मान हलवली. म्हातारीला कुणी काही सांगितलं नाही.

रविवारी घर माणसांनी भरलं. सून मोहिनी वाढण्यात गुंतली होती. सोनीबाईने कुणाला हाक मारली नाही. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि उठली. आवाजाने पाहुणे आत धावले, तेव्हा ती फरशीवर होती. पोकळीकडचं टोक सुटल्यावर पट्टीतला स्क्रूही उपटला होता; दांडा मुठीत, त्याला भाकरीएवढा गुलाबी तुकडा. खुबा पुन्हा मोडला होता. त्यानंतर बाराव्या दिवशी ती दवाखान्यातच वारली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी बाळासाहेबांनी संपतला बोलावलं. भोक बुजवायचं आणि त्याच्याच वर, उंचावर आईचा फोटो लावायचा.

संपतने तक्ता पट्टीपासून पट्टीपर्यंत, भोकापासून डोक्याच्या वरपर्यंत कापला. आत जाड प्लाय बसवला, वरून नवा तुकडा चढवला. रंगाचं कुणी काही बोललं नाही.

"फोटोला एवढं कशाला?" बाळासाहेबांनी विचारलं.

संपतने वर लोखंडी हूक पिळून बसवला, दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. हूक हलला नाही. तो बराच वेळ तसाच लोंबकळत राहिला.

"त्या दिशी असं केलं व्हतंस का?"

संपतने पाय खाली टेकवले.

"न्हाई."

फोटो बाळासाहेबांच्या काखेत होता. तो त्यांनी संपतच्या हातात दिला नाही. खुर्ची ओढून ते स्वतः चढले.