पिवळ्या उजेडाची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा उजेड पिवळा आहे. सेल उतरल्यामुळे नाही, जन्मापासूनच. हे सांगावं लागतं, कारण पंधरा वर्षं लोक मला हातात घेतात, लावतात आणि म्हणतात, सेल संपत आलेले दिसतात. या एका वाक्याने माझं डोकं फिरतं.

मी झालो त्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून त्यांना काळा रंग चढवायचे. माझ्या बाकीच्या भावंडांना पांढरे दिवे बसवले, आमच्या एका खोक्याला मात्र पिवळसर. या उजेडात लाल रंग लाल दिसतो आणि तपकिरी तपकिरी. पांढऱ्या-निळसर उजेडात दोन्ही राखाडी पडतात. पण टॉर्च घेणारा माणूस एवढं कुठे बघतो? भिंतीवर लख्ख पडला की झालं. त्यामुळे आमचं खोकं खपेना. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, स्वस्त मालाच्या टोपलीत मी दीड वर्ष पडून होतो.

तिथून मला सत्यजितने उचललं. तो वर्ध्याचा, इथे शिकायला आलेला. बर्फाचं वादळ येणार म्हणून दुकानातले सगळे टॉर्च संपले होते आणि टोपलीत मी एकटाच उरलो होतो. म्हणजे त्याने मला निवडलं वगैरे काही नाही. तरी मी ते मनाला लावून घेतलं नाही. वादळात तीन दिवस वीज नव्हती आणि तीनही दिवस मी त्याच्या टेबलावर जळत राहिलो. माझं बटण एकदा दाबलं की मंद, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा प्रखर. त्याने मला मंदवर ठेवलं आणि दोन पेन्सिल सेलवर मी सगळं निभावून नेलं.

पुढे त्याला नोकरी लागली, हिमानीशी लग्न झालं, कॅरी गावात घर झालं आणि आन्या जन्मली. माझे खरे कामाचे दिवस तेच. सोफ्याखाली गेलेले स्क्रू मी शोधले, गाडीखाली गळलेलं तेल दाखवलं. पण माझं सगळ्यात मानाचं काम वेगळंच होतं. आन्या आजारी पडली की हिमानी तिला आ करायला लावायची आणि घशात माझा झोत सोडायची. फोनवर डॉक्टर विचारायचे, घसा गुलाबी आहे की लालभडक? हिमानी न अडखळता सांगायची. एकदा ती सत्यजितला म्हणाली होती, "फोनच्या लाइटमध्ये काही कळत नाही यार, हाच बरा." ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे.

मग सत्यजितला टॉर्चचा नाद लागला. एक मोठा आला, चार्ज होणारा, सहा मोडचा. एक नखाएवढा आला, गाडीच्या किल्लीला लटकवायचा. आमच्या घरात कपडे धुवायच्या खोलीला खिडकी नाही. तिथे दार लावून तो भर दुपारी एकेकाचा झोत भिंतीवर पाडायचा आणि कागदावर तक्ता करायचा. नाव, झोताचा रंग, मोड किती, रोजचा उपयोग काय, असे रकाने. मोठ्याचा झोत पांढराशुभ्र, कडेला निळसर. त्याच्या सहाव्या मोडला टर्बो म्हणायचे. तो लावला की खोलीत दिवस उगवायचा, पण दोन मिनिटांत त्याचं अंग भाजायला लागायचं आणि तो आपणच उजेड कमी करायचा. किल्लीवाल्याचे मोड दोन, झोत हातभर, पण कायम खिशात. हे गुण खरे आहेत, मी ते नाकारत नाही.

माझी ओळ सगळ्यात शेवटी होती. नाव, जुना. रंग, पिवळट. मोड, तीन. आणि उपयोगाच्या रकान्यात त्याने नुसती रेघ मारली. तक्ता इंग्रजीत होता, पण रेघ कुठल्याही भाषेत रेघच असते. तो कागद फ्रिजवर लागला. माझ्यातले दोन्ही सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात गेलो, जिथे हॉटेलातून आलेल्या सॉसच्या पुड्या, रबरबँड आणि सेलची जास्तीची पाकिटं पडलेली असतात. दोन वर्षं मी त्या खणात होतो. मला फार वाईट वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

या वर्षी मार्चमध्ये सत्यजितचे वडील, मोरेश्वर आबा, सहा महिन्यांसाठी आले. आबा वीज मंडळात वायरमन होते. उभा जन्म खांबांवर गेला, आता एक गुडघा बदललेला. आल्या आल्या सत्यजितने त्यांना मोठ्या टॉर्चचा टर्बो दाखवला. आबांनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "भडक उजेडात तार दिसते रे, ती कुठे तुटली ते दिसत नाही." सत्यजित हसला. पुढे आठवडाभर, जो कोणी घरी येईल त्याला तो टर्बो दाखवत होता. चार्जिंगला मात्र कोणी लावला नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी धुण्याच्या खोलीतली लाकडी फरशी फुगलेली दिसली. खाली पाइप गळत असणार. इकडची घरं जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, विटांच्या खांबांवर उभी असतात, आणि भोवती बुटकी भिंत, तिला हवेसाठी जाळ्या. खालच्या पोकळीत पोटावर सरपटत जावं लागतं. तिथे लाल माती असते, तिच्यावर प्लास्टिक अंथरलेलं असतं आणि भर दुपारीही अंधार गच्च असतो. आत जायचं दार मागच्या अंगणात, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच. हिमानी गाडी घेऊन कामावर, लॅबमध्ये गेली होती, म्हणजे किल्लीवाला तिच्याबरोबर. सत्यजितने मोठा टॉर्च घेतला, पाण्यात भिजू नये म्हणून फोन घरात ठेवला आणि आत शिरला. आबा दाराशी खुर्ची टाकून बसले, शेजारी नऊ वर्षांची आन्या. खिडकी उघडी होती. पुढचं मी खणातून कानांनी पाहिलं; उरलेलं आन्याने नंतर हिमानीला सांगितलं तेव्हा कळलं.

सुरुवातीला सत्यजितचा आवाज मजेत होता. पांढऱ्या प्लास्टिकवरून उजेड उलटा डोळ्यांत येतोय, असं तो ओरडून सांगत होता. एक जाळी तुटलीय, वाऱ्याने पानं आत आली आहेत, ढीग पडलाय. मग पाइप सापडला म्हणाला. नंतर त्याचा आवाज आला तो अगदी हळू होता.

"आबा, टॉर्च गेला. आणि माझ्या डाव्या हाताशी पानांत काहीतरी सरकलं."

आबांची खुर्ची मागे सरकल्याचं मी ऐकलं. कॅरीत तांबूस रंगाचे विषारी साप निघतात. त्यांना इथे कॉपरहेड म्हणतात. सुकलेल्या पानांत ते असे मिसळून जातात की हात पडेपर्यंत कळत नाही. सत्यजित अंधारात पालथा पडला होता आणि त्याला कुठे हात टेकावा हे कळत नव्हतं. आबांनी आपल्या फोनचा लाइट आत धरला. तो पहिल्या खांबापर्यंत जाऊन विरला.

"हलू नको," आबा आत म्हणाले. मग वळून म्हणाले, "आन्या, बॅटरी आण. पळ."

आता इथेच घोटाळा झाला. आबांच्या पिढीत टॉर्चला बॅटरीच म्हणतात. मी स्वतःला 'तो' म्हणतो, पण आबांच्या तोंडी मी 'ती'. आन्याला हे काय माहीत? ती इथे जन्मलेली. तिच्या लेखी बॅटरी म्हणजे सेल. ती धावत आली, तिने माझा खण खसकन उघडला, तिची बोटं माझ्या अंगावरून गेली आणि तिने माझ्याशेजारचं सेलचं पाकीट उचललं. मी तुम्हाला काय सांगू? आवाज असता तर मी ओरडलो असतो.

आबा पाकीट बघून म्हणाले, अगं हे सेल आहेत, बॅटरी आण, मोठी. ती पुन्हा धावली. या वेळी खणाकडे आलीच नाही. फोन चार्ज करायची वीटभर जाड पेटी घेऊन गेली.

"आबा, धिस इज द बिगेस्ट बॅटरी वी हॅव," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

आतून सत्यजितने विचारलं, मिळाली का? पाय अवघडलाय, तो म्हणाला, फार वेळ असं राहता येणार नाही. तीस फुटांवर मुलगा, आणि मध्ये एक शब्द आडवा आलेला. आबा नातीवर चिडले नाहीत. त्यांनी मूठ वळली, अंगठा वरखाली केला, बटण दाबल्यासारखा, आणि हात अंधाराकडे फिरवला.

"ओह," आन्या म्हणाली, "फ्लॅशलाइट."

तिसऱ्यांदा खण उघडला आणि दोन वर्षांनी मी कोणाच्या तरी हातात आलो. तिने धावता धावताच बटण दाबलं. मी लागलो नाही. कसा लागणार? माझ्या पोटात काही नव्हतंच. मित्रांनो, बोलावणं यावं आणि आपण रिकामे असावं, याइतकी लाज दुसरी नाही.

आबांनी माझं शेपूट फिरवून उघडलं. आत स्प्रिंगवर हिरवा गंज चढला होता. त्यांनी तो नखाने खरवडला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि विचारलं, सेल? आन्याने गवतात पडलेलं ते पहिलं पाकीट पुढे केलं. ज्या चुकीवरून मी खणात तळमळलो होतो, तीच चूक आता कामी आली. घाईत आबांनी एक सेल उलटा घातला. आन्याने तो काढला, म्हणाली, "प्लस साइड इन, आबा," आणि सरळ घातला. शेपूट आवळलं. बटण दाबलं. मी लागलो.

आबा गुडघ्याची पर्वा न करता गवतात पालथे झाले आणि त्यांनी मला आत धरलं. मंद. मग मध्यम. मला वाटलं, आता प्रखर करतील. मला माझा सगळा जोर दाखवायचा होता. पण आबा मध्यमवरच थांबले, कारण त्याहून जास्त उजेड प्लास्टिकवरून उलटून सत्यजितच्या डोळ्यांत गेला असता. वायरमनला हे शिकवावं लागत नाही.

पाइप दिसला, ओली लाल माती दिसली, पानं दिसली. पानं तपकिरी होती, निरनिराळी तपकिरी. आणि त्यांच्यात एका ठिकाणी तपकिरी नसलेलं काहीतरी वेटोळं करून होतं. तांबूस, त्यावर गडद पट्टे, मध्ये निमुळते, कडेला रुंद. सत्यजितच्या डाव्या कोपरापासून फार तर दोन हात. मोठ्याच्या पांढऱ्या झोतात साप सत्यजितच्या समोरच होता आणि त्याला दिसला नव्हता.

"दिसला," सत्यजित म्हणाला.

"मी उजेड त्याच्यावर ठेवतो. तू उजव्या खांबाच्या मागून ये. घाई नको करू."

सत्यजित इंच इंच सरकू लागला. साप जागचा हलला नाही, पण त्याने डोकं उचललं. आबांचा हात थरथरायला लागला, तसा सापावरचा उजेडही थरथरला. आन्या काही न सांगता आबांच्या शेजारी आडवी झाली आणि तिने त्यांचं कोपर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मधेच माझी गंजलेली स्प्रिंग सुटली. क्षणभर मी विझलो. सत्यजित थबकला. आबांनी मला तळहातावर आपटलं आणि मी पुन्हा लागलो. त्यानंतर मी विझलो नाही. कसं जमलं ते मला विचारू नका.

सत्यजितचं डोकं दाराबाहेर आलं, मग खांदे, मग लाल मातीने माखलेला सगळा सत्यजित. आबांनी सदऱ्याने त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसलं असेल तसं. आन्या बाबाच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली आणि मी गवतात पडून दिवसाढवळ्या जळत होतो. मला विझवायचं कोणाला सुचलं नाही.

साप पकडणारा माणूस आला आणि घेऊन गेला. पाइपचा जोड सोमवारी दुरुस्त झाला. मोठा टॉर्च आता रोज चार्जिंगला असतो. तोही कामाचाच आहे, अंगणाच्या टोकाला काय आहे ते मला कुठे दिसतं?

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. आम्हाला ठेवून द्यायचं असेल तर सेल काढून ठेवा, पण ते आमच्याजवळच ठेवा. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. आणि तुमच्या घरातली मोठी माणसं ज्याला जे म्हणतात, तो शब्द लहानांना वेळेवर सांगून ठेवा. अंधारात शिकवायला वेळ मिळत नाही.

मी आता खणात नसतो, मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. तिथून फ्रिज दिसतो, त्यावरचा तक्ताही. आन्या रविवारच्या मराठी शाळेत जाते. त्या शनिवारनंतर तिने पेन्सिल घेऊन माझ्या ओळीतलं 'जुना' खोडलं आणि तिथे वाकड्या अक्षरांत लिहिलं, बॅटरी. मग ती ओळीच्या टोकाला गेली, जिथे रोजच्या उपयोगाच्या रकान्यात रेघ होती. त्या रेघेवर तिने एकच शब्द लिहिला.

बाबा.