टकटक बाईंची हातोडी

मित्रांनो, हातोडी म्हटलं की तुम्हाला लगेच खिळा आठवतो. माझा आणि खिळ्याचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी, बारीक दांड्याची, वजनाला हलकी हातोडी आहे. माझं काम ठोकण्याचं नाही, विचारण्याचं आहे. भिंतीवर हळूच टकटक करायचं आणि ती काय म्हणते ते ऐकायचं. गिलावा भिंतीला घट्ट धरून असेल तर आवाज खणखणीत येतो. आतून सुटला असेल तर पोकळ येतो, भद्द. वरून रंग कितीही झकास असो, माझ्यापुढे भिंतीची लबाडी चालत नाही. मी जरा तोऱ्यात बोलते आहे असं वाटलं तर वाटू द्या. जन्मभर खरं ऐकल्यावर थोडा तोरा येणारच.

लोहाराने मला घडवलं ते एका गवंड्यासाठी. हे गवंडी मोठे हट्टी. स्वतः केलेला गिलावा स्वतःच वाजवून बघायचे आणि कुठे पोकळ लागला की आख्खी भिंत खरवडून पुन्हा करायचे. मुकादम डोक्याला हात लावून बसायचा. सुट्टीत त्यांची भाची कामावर यायची, तिच्या हातात ते मला द्यायचे. "मारायचं नाही गं," ते म्हणायचे. "हाक द्यायची आणि गप्प उभं राहून ऐकायचं." तो हात मला पहिल्या दिवसापासून आवडला.

भाची शिकली, इंजिनिअर झाली, नोकरीला लागली. मामांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी मला तिच्या पिशवीत टाकलं.

आता तिची नोकरी काय ती ऐका. ज्यांना बाजारभावाचं घर परवडत नाही, त्यांना स्वस्त भाड्याने घरं देणारं एक सरकारी मंडळ होतं. आणि ते मंडळ घरं नीट राखतं की नाही, हे बघणारं एक वेगळं खातं होतं. माझी बाई त्या खात्यात तपासणीला. म्हणजे कुठेही गेलं तरी पुढ्यात चहा यायचा आणि पाठीमागे नाकं मुरडली जायची. ती येणार म्हटलं की आदल्या दिवशी जिन्यांना रंग लागायचा. बाई तो चहा पिऊन टाकायची, रंगाचं कौतुक करायची आणि मला बाहेर काढायची. वसाहतीतली मुलं तिला टकटक बाई म्हणत. मंडळाचे लोकही म्हणत, पण ते तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

मी तिचं कौतुक करते, कारण इतकी वर्षं तिच्या मुठीत राहूनही तिचा हात सैल पडलेला मी पाहिला नाही. कंटाळली तरी शेवटची भिंत पहिलीसारखीच वाजवायची. आणि ज्याच्या घरात दोष निघाला त्याच्यावर कधी डाफरायची नाही. घर भाड्याचं, दुरुस्ती मंडळाची, मग राहणाऱ्याला काय बोलायचं, असा तिचा सरळ हिशोब.

एकदा आम्ही मंडळाच्या एका जुन्या वसाहतीत गेलो. सोबत मंडळाचे एक साहेब होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मलेला होता. मंडळाने केलेल्या मागच्या तपासण्यांचे कागद बाईने चाळले तर जागोजागी एकच शेरा: शेजारच्यासारखेच.

"हे काय?" बाईने विचारलं.

"घर बंद असलं की तसं लिहितात," साहेब म्हणाले. "पहिल्यापासूनची पद्धत आहे. सगळी घरं एकाच साच्यातली, मॅडम. एक पाहिलं की दुसरं पाहिल्यासारखंच."

"घरं साच्यातली असतील," बाई म्हणाली. "पाणी कुठून शिरेल याला साचा नसतो. मी न पाहिलेल्या भिंतीखाली सही करणार नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आम्ही जिना चढायला लागलो.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात एक दार होतं. गच्चीवरचं पाणी खाली नेणारा पाइप याच घराच्या भिंतीला लागून उतरत होता, शेजारच्या घराला नव्हता. बाईने दार वाजवलं. आत शिवणयंत्र चाललं होतं ते एकदम थांबलं. दार काही उघडलं नाही. शेजारणीने डोकं बाहेर काढलं. "कुणी नसतं हो तिथे," म्हणाली आणि घाईघाईने आत गेली. साहेबही म्हणाले, "बघा, बंदच आहे."

बाईने मला दाराशेजारच्या भिंतीवर टेकवलं, जरा वर, पाइपच्या बाजूला. भद्द. अजून वर, छताच्या कडेला. भद्द. माझ्या दांड्यातून शिरशिरी गेली. आत छत सुटलेलं होतं, आणि त्याच्याखाली कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

मला विचाराल तर मी म्हटलं असतं, बोलवा पोलीस आणि तोडा दार. बाईने साहेबांना खाली पाठवलं आणि पायरीवर बसकण मारली.

"ताई," ती दाराकडे बघून म्हणाली, "मी भिंत बघायला आले आहे."

 मग दाराला अगदी लागून एक आवाज आला. "घर माझ्या नावावर नाही. तुम्ही आत आलात की मी रस्त्यावर."

मग दाराआडूनच सगळं कळलं. घर तिच्या थोरल्या बहिणीच्या नावावर होतं. बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा ही तिचं करायला आली, कपडे शिवून दोघींचं पोट भरलं. बहीण गेली. मंडळाचा नियम असा की भाडेकरू गेला की घर मंडळाकडे परत, रांगेतल्या दुसऱ्याला. हिला जायला जागा नव्हती. ही गप्प राहिली, आणि तेव्हापासून कुठल्याही साहेबाला दार उघडायची सोय राहिली नाही. छत गळतं म्हणून तक्रार करायची तरी कशी? तक्रार केली की बघायला माणूस येणार.

"तुम्ही म्हणाल, मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात."

"नाही म्हणणार," बाई म्हणाली. "तुम्ही इथे राहता हे मला लिहावं लागेल. खोटं लिहून मी नोकरी करत नाही. पण जे लिहीन ते तुम्हाला आधी वाचून दाखवीन. आणि निर्णय होईल तिथे मी स्वतः उभी राहीन. तुमचं छत मात्र तोवर थांबणार नाही, ताई."

मित्रांनो, मला वाटलं संपलं सगळं. अशा उत्तराला कोण दार उघडतं? पण कडी वाजली. गोड बोलणारे तिने पुष्कळ पाहिले असावेत, म्हणून तिला खरं बोलणारी ओळखू आली.

खोली आरशासारखी लख्ख होती. कोपऱ्यात पलंग, शेजारी शिवणयंत्र, आणि दोन्हींच्या वर चार टोकांना बांधलेली एक चादर. "गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर चुरा पडतो," ती ओशाळून म्हणाली. बाईने चादर सोडली. वर छताला मोठा फुगवटा आला होता. दोघींनी मिळून पलंग ओढला, यंत्र उचलून दाराशी नेलं. मग बाई फुगवट्याखाली न येता, भिंतीच्या कडेला सावधपणे उभी राहिली आणि हात लांब करून तिने मला वर टेकवलं, अगदी हळू.

पुढचं मी नीट पाहिलंच नाही, इतकी धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा पलंगाच्या जागेवर छताचा मोठा तुकडा पडला होता. उशी जिथे असायची, नेमका तिथे. शिवणवाली त्याच्याकडे बघत राहिली. मग बाईचा हात धरून लहान मुलीसारखी रडली.

शिवणवालीला आधी वाचून दाखवलेला अहवाल घेऊन बाई मंडळाच्या बैठकीत गेली. तिने मला पिशवीत ठेवलं होतं, पण ऐकू सगळं येत होतं. घाईतले साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे घर रिकामं करून घेऊ. रांगेत लोक ताटकळले आहेत."

"ताटकळले आहेत, खरं आहे," बाई म्हणाली. "त्यांना हे घर दिलं असतं तर ते छत त्यांच्या डोक्यात पडलं असतं. ती बाई घाबरून दार लावते आणि आपण बंद दारावर शेजारच्यासारखेच लिहितो. दोघांचंही सोयीचं. फक्त छताला ते माहीत नसतं."

मंडळाच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या.  त्यांनी विचारलं, "आजारी भाडेकरूची सेवा करणाऱ्या नातलगाला घर द्यायचा अधिकार मंडळाला आहे ना?"

"आहे," कारकून म्हणाला. "पण कुणी कधी अर्जच केला नाही."

"कसा करतील? दार उघडायची भीती वाटते त्यांना," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी घर शिवणवालीच्या नावावर केलं, दुरुस्ती होईपर्यंत तिची दुसरीकडे सोय लावली. आणि एक ठराव केला. भिंत बघायला जाणारा माणूस यापुढे राहणाऱ्याचं नाव विचारणार नाही, लिहिणारही नाही. नावांची चौकशी मंडळ वेगळी करील. रांगेतल्या कुणाचं तरी घर यामुळे लांबलं, हे अध्यक्षबाईंनी स्वतः बोलून दाखवलं, आणि लपवलं नाही म्हणून मला त्याही आवडल्या.

मग आम्ही परत वसाहतीत गेलो, राहिलेली बंद दारं वाजवायला. या वेळी पुढे शिवणवाली होती. प्रत्येक दारापाशी थांबून ती म्हणायची, "मी आहे गं. उघड. नाव विचारत नाहीत. मी बघितलंय ना." एक दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. साहेब मागे वही धरून चालले होते, प्रत्येक घराचं वेगळं लिहीत.

तळमजल्यावरच्या एका घरात जमिनीवर खडूने आडवी रेघ ओढलेली होती. रेघेच्या एका बाजूला सगळा संसार, भांडी, अंथरुणं, माणसं, दाटीवाटीने. दुसरी बाजू मोकळी. बाईने बघितलं तसा घरातला बाप म्हणाला, "त्या बाजूचं छत धड नाही. म्हणून पोरांना सांगून ठेवलंय, रेघ ओलांडायची नाही."

"कधीपासून?" बाईने विचारलं.

त्याने दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या मुलीकडे पाहिलं. "ही जन्मायच्या आधीपासून."

बाई रेघेपाशी थांबली. मुठीत मला घट्ट धरलं होतं तिने. मुलीने तिच्याकडे वर बघत विचारलं, "आता तिकडे खेळायचं?"

"अजून नाही बाळा," बाई म्हणाली. "आधी मी जाऊन येते." आणि ती रेघ ओलांडून पलीकडे गेली.

मित्रांनो, माझा दांडा आता झिजला आहे. तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल, कुणी टकटक बाई होईल, कुणाच्या सहीवर दुसऱ्याचं छत टिकेल. तेव्हा एवढंच करा. न पाहिलेल्या घराबद्दल काही लिहू नका. दार वाजवा, आणि नाही उघडलं तर पायरीवर थोडं बसा. आत कुणीतरी नक्की असतं.