अंगठ्याचा कागद

गवळ्याने रतीब घातला नाही तेव्हा प्रयागबाईला वाटलं, म्हैस आटली असेल. दुसऱ्या दिवशी तोच गवळी शेजारच्या दारात माप ओतताना दिसला. तिसऱ्या दिवशी न्हावी आला नाही. चौथ्या दिवशी वाण्याने "तेल संपलं" म्हणून तिला परत पाठवलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला त्याच डब्यातलं तेल मापून दिलं. बारामतीत कुणी दवंडी पिटली नव्हती, पंचायत बसली नव्हती. तरी महिपती पेपरवाल्याचं घर वाळीत पडलं होतं, आणि कारण विचारलं की जो तो दुसरीकडे बघत होता.

महिपती 'नीराकाठ' नावाचं चार पानांचं साप्ताहिक काढी. पुण्याच्या एका छापखान्यात दहा वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून तो गावी परतला होता. बाहेरच्या खोलीत त्याने पायाने चालवायचं जुनं मशीन मांडलं आणि बायकोलाही कामाला लावलं. प्रयागबाई शाळेत गेली नव्हती. ती अक्षरं शिकली ती शिशाच्या खिळ्यांवर, त्यामुळे तिला उलटी अक्षरं सुलट्यांपेक्षा लवकर वाचता येत. कालव्याचं पाणी कुणाच्या वशिल्याने कुणाच्या उसात शिरतं, कुठल्या गावच्या विहिरीवरून कुणाला हाकलतात, हे सारं 'नीराकाठ' छापी. लोक चावडीवर बसून ते मोठ्याने वाचून घेत, मांडीवर थाप मारीत, आणि तोच महिपती रस्त्यात दिसला की "आला चहाडखोर" म्हणत. आपल्याला पेपर हवा असतो, पेपरवाला नको असतो.

महिपतीचा एक नियम होता. सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय तो कुणाविरुद्ध अक्षर छापत नसे, आणि तो कागद कुणाला दाखवतही नसे.

हे सगळं सुरू होण्याआधी, माघातल्या एका गुरुवारी, बाजाराच्या गर्दीत, छबूबाई आली. ती नीरेकाठच्या वाडीतली, वांगी-भाजीचं माळवं विकणारी. पुरुषासमोर तिचं तोंड उघडेना, म्हणून महिपती बाहेर जाऊन उभा राहिला आणि प्रयागबाईने लिहून घेतलं.

"माझ्या रतनला नववं सरलं न्हाय अजून, वैनी. आन् दत्तोबा पाटील चाळिशीच्या फुडं. इंदापूरकडं मोठा मळा हाय त्याचा. पयली बायकू मेली. आमच्या मालकानी सबूद देऊन टाकलाय."

"आगं, पन सारडा कायदा हाय की, चवदाच्या आत पोरीचं लगीन करता येत न्हाय! चार वरसं झाली त्याला."

"म्हून तर नदीपल्याड न्हेत्यात. त्या अंगाला संस्थान लागतं, तितं कायदा न्हाय म्हनं. पहाटं नीरा वलांडायची, अक्षता टाकायच्या आन् माघारी यायचं." छबूबाईने पदर तोंडात धरला. "माझं नाव कळलं तर मालक मला हिरीत ढकलतील. आन् पोरीला त्याच दिशी बोहल्यावर चढिवतील."

प्रयागबाईने मशीनची शाई लावून तिचा अंगठा घेतला, मग रॉकेलच्या बोळ्याने बोट घासून पुसलं आणि म्हणाली, "तुजं नाव ह्या दाराभायेर जानार न्हाय. माझा सबूद."

'नीरेपल्याड नऊ वर्षांची नवरी' ही बातमी त्याच आठवड्यात निघाली. दत्तोबा त्या साली लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा होता. त्याला हा बोभाटा परवडणारा नव्हता. लग्न थांबलं. मग त्याने डाव उलटवला. आपण असली मुलगी मागितलीच नाही म्हणून इंदापूरच्या कोर्टात त्याने अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. आणि फिर्यादीपेक्षाही त्याला एक नाव हवं होतं, बातमी फोडणाऱ्याचं. ते मिळालं की त्या माणसाचं तोंड दाबून लग्न गुपचूप लावता येणार होतं.

त्यासाठी त्याचा माणूस म्हस्कू छापखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात येऊन बसला. सकाळी यायचा, दिवे लागले की जायचा. शिवी नाही, धमकी नाही, नुसता बघायचा. कोण आत जातं, कोण किती वेळ थांबतं, हे त्या दोन डोळ्यांतून सुटत नसे. आठ दिवसांत छापखान्याचा उंबरा ओस पडला; गवळी, न्हावी, वाणी फिरले ते ह्याच दिवसांत. लग्नपत्रिका छापायला दिलेले लोक कागद परत घेऊन गेले. भाकरी थापतानासुद्धा प्रयागबाईला ते डोळे पाठीवर जाणवत. ती धीट बाई होती, पण आता तिला भीती वाटू लागली होती.

आणि नेमकी त्यातच छबूबाईने एक चूक केली. दुसऱ्या कुणाला ती चूक वाटलीही नसती. उपकार करणाऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, मळ्यात पिकलेलं पहिलं त्याला द्यायचं, ही माळव्यावर जगणाऱ्या माणसांची रीत. त्यानंतरच्या एका गुरुवारी भरली टोपली डोक्यावर घेऊन ती सरळ छापखान्याच्या रोखाने निघाली.

प्रयागबाईने तिला लांबून पाहिलं. छबूबाईच्या चेहऱ्यावर हसू होतं. समोर म्हस्कूने बशी खाली ठेवली आणि मान पुढे काढली. आता छबूबाईने एक शब्द जरी आपुलकीचा काढला असता, तरी सगळं संपलं असतं. प्रयागबाई पदर खोचून रस्त्यावर धावली.

"आलीस का गं भवाने? मागल्या बाजारी किडकी वांगी घातलीस माझ्या पदरात! लुबाडायला हेच घर घावलं व्हय तुला?"

छबूबाई जागच्या जागी थिजली. "आवं वैनी..."

"कोन वैनी? तोंड सांभाळ!" प्रयागबाईने टोपलीला असा हिसडा दिला की कोवळी वांगी साऱ्या रस्त्यावर धुळीत सांडली. तिने त्यातली दोन पायाखाली चिरडलीसुद्धा. छबूबाईचे डोळे भरून आले. तिने वांगी गोळा केली आणि ती निघून गेली. लोक जमले होते. "बघा पेपरवाल्याची बायकू! गरिबाच्या पोटावर पाय देती," कुणीतरी म्हणालं. म्हस्कूने बशी पुन्हा उचलली. घरात येऊन प्रयागबाई मशीनला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

कोर्टाच्या तारखेला दोन दिवस उरले तेव्हा महिपतीचे वकील आले. छातीवर हात ठेवून खोकणाऱ्या महिपतीकडे बघत ते म्हणाले, "सांगणाऱ्याचा अंगठा आहे म्हणता? मग तो कागद कोर्टात ठेवा. खटला उभाच राहणार नाही. नाहीतर माफी छापा. दोन्ही करणार नसाल तर तुरुंग. आणि तोवर छापखान्याची झडतीही होऊ शकते, हे ध्यानात ठेवा."

वकील गेल्यावर प्रयागबाईने खिळ्यांच्या खणाखालून तो कागद काढला. शिशाच्या धुळीने नवऱ्याची छाती धरलेली. तुरुंगातल्या गारठ्यात तो तगेल का? छबूबाई आपली कोण लागते? ना नात्यातली ना गोतातली. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला तो लवकर गेला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन दिवस ती तो कागद चोळीत बाळगून हिंडली.

तारखेच्या सकाळी ती चुलीपुढे बसली होती. तवा तापला होता. समोर महिपती टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"जाळू का?" तिने विचारलं.

"लिहून तू घेतलंस. सबूद तू दिलास. मी काय सांगू?"

"मला तुमी घरी पायजे," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"मलाबी घरीच ऱ्हायचंय गं," महिपती म्हणाला.

प्रयागबाईने कागद चुलीत सारला. क्षणभर अंगठ्याच्या काळ्या रेषा स्पष्ट दिसल्या, मग कागद गोळा झाला. त्याच जाळावर भाकरी फुगली. ती तिने नवऱ्याला वाढली आणि त्याने ती पुरती खाल्ली.

इंदापूरच्या कोर्टात गर्दी मावत नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, "ही बातमी तुम्हांला कोणी दिली?"

"ज्याला ठावं हुतं त्यानं, साहेब."

"नाव सांगा."

"नाव मला म्हाईत हाय. मी सांगनार न्हाय."

"मग माफी छापा."

"बातमी खरी हाय. खऱ्याची माफी कशी छापू?"

महिपतीला दोन महिने कैद झाली. "जिरली पेपरवाल्याची!" म्हणून बाहेर हशा पिकला. हसणाऱ्यांत असे कितीतरी होते की ज्यांच्या स्वतःच्या घरी नऊ-दहा वर्षांच्या मुली भातुकली खेळत होत्या. त्या मुलींसाठी कोण आत गेलं, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही.

पुढच्या गुरुवारी प्रयागबाई पिशवी घेऊन बाजारात गेली. छबूबाई वांग्यांचा ढीग मांडून बसली होती. प्रयागबाईला बघताच ती ताडकन उठली आणि सारा बाजार ऐकेल अशा आवाजात ओरडली, "आली का टवळी! माझं माळवं मातीत टाकलंस न्हवं? आता शेनबी न्हाय द्यायची तुला!"

तिने रागाने एक वांगं फेकलं. ते प्रयागबाईच्या पायाशी पडलं. ते उचलायला म्हणून छबूबाई वाकली आणि खालच्या खाली पुटपुटली, "मालकांचा माझ्यावर वहीम हुता. तुमच्या भांडनानं त्यो गेला. रतन साळंत जातीया, वैनी." मग ताठ उभी राहून तिने पुन्हा शिव्यांची लाखोली वाहिली. बाजार खो खो हसला.

म्हस्कू तेवढा हसला नाही. लिंबाखाली उभा राहून तो छबूबाईकडे बघत होता. ती खाली वाकली होती त्या जागेकडे बघत होता. मग तो हळूहळू तिच्या ढिगाकडे चालू लागला.

प्रयागबाईने ते पाहिलं. ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"नाव पायजे न्हवं तुज्या पाटलाला? घे. माझं नाव प्रयागबाई. ती बातमी ह्या हातानं लिवली, ह्याच हातानं खिळं जुळवलं. फुडचा अंकबी मीच काढनार हाय. माझ्यावर डोळा ठेव. दुसरीकडं कशाला हिंडतोस?"

म्हस्कू तिच्याकडे बघत राहिला. ती चालू लागली तसा तो तिच्या मागे निघाला, आणि तिला तेच हवं होतं.

छापखान्याची इतके दिवस ओढून घेतलेली दोन्ही दारं तिने सताड उघडली. समोर म्हस्कू आपल्या जागेवर बसला. त्याच्या नजरेसमोर तिने खिळे उचलायला सुरुवात केली. नवऱ्याच्या शिक्षेची बातमी तिने एकटीने जुळवली, आणि तिच्याखाली, जिथे आजवर कुणाचं नाव कधी आलं नव्हतं तिथे, स्वतःचं नाव एकेक अक्षराने बसवलं. उलट्या अक्षरांतलं ते नाव सध्या तिलाच वाचता येत होतं. शनिवारी अंक निघाला की ते साऱ्या तालुक्याला वाचता येणार होतं.